सोनेरी महालातली मैफल आणि तिथली हवा

जुन्या वास्तूतली मैफल म्हणजे नुसती रोषणाई, गाणं ऐकायचं तर बंद नाट्यगृहच बरं, असं काही जण म्हणतात. निम्मंच पटलं. आपली नाट्यगृहं मुळात संवादांसाठी बांधलेली. नूतनीकरणात भिंतींना गाद्या आणि खाली गालिचे आले की शब्द स्वच्छ पोचतो, पण तानपुऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, तिथल्या तिथे विरते.

संभाजीनगरला वेरूळ-अजिंठा महोत्सवात सोनेरी महालासमोर बसून गाणं ऐकलंय. सतराव्या शतकात बुंदेलखंडच्या पहाडसिंगाने बांधलेली वास्तू, मागे डोंगर, पुढे मोकळं पटांगण. तिथे खरी अडचण हवेची. दिवस मावळला की गारठा झपाट्याने उतरतो, तारा आक्रसतात, सूर चढतो. मंचावरचे दिवे तापले की पुन्हा उतरतो. तबलजी दर रागाआधी हातोडीने गट्टे (तबल्याच्या वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकत होते, तानपुऱ्यावर सूर बारीक जुळवायला तारांतले मणी सरकवणं चालूच. एकदा जुळलं तेव्हा मात्र तो षड्ज, म्हणजे ‘सा’, असा भरून आला की कुठल्याच सभागृहात तसा ऐकलेला नाही! संयोजकांनी वाद्यं तासभर आधीच मंचावर गवसणीतून काढून ठेवली, तरी बराच फरक पडेल.