नावाखालची ओळ वाया घालवू नका
वर एकाने लिहिलंय की लिंक्डइनवर प्रोफाइल करून वर्ष झालं, एकही फोन नाही. त्यावर सल्ला आलाय की फोटोवर हिरवी 'ओपन टू वर्क' (म्हणजे नोकरी शोधतोय) पट्टी लावा. मला वाटतं, त्याआधी नावाखालची ओळ बघा. तिथे २२० अक्षरं मावतात आणि बहुतेक जण नुसता हुद्दा टाकून मोकळे होतात.

माझ्या भाचीनं 'क्वालिटी इंजिनिअर' एवढंच लिहिलं होतं. चाकणला ती रोज सीएमएमवर (अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर) पार्ट मोजते, पीपॅपची, म्हणजे ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची, कागदपत्रं तयार करते, आणि यातलं एक अक्षर प्रोफाइलवर नव्हतं! भरती करणारे शब्द टाकून शोधतात, मग त्यांना ती सापडणार कशी? रविवारी दुपारी आम्ही दोघांनी बसून ती ओळ आणि 'अबाउट' नव्यानं लिहिलं. 'रिजेक्शन कमी केलं' असं मोघम नाही. कुठल्या प्रकारचा पार्ट, काय बदललं, किती फरक पडला, ते सगळं. (ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग मात्र कधीही टाकू नका.) तीन आठवड्यांत दोन फोन आले.

पट्टीचं म्हणाल तर, नोकरीत असताना 'फक्त रिक्रूटरना' (भरती करणाऱ्यांनाच) दिसेल हा पर्याय घ्या. तरी आपल्या कंपनीला कळणारच नाही, याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही.

आणि अनोळखी माणसाला 'सर, प्लीज रेफर' पाठवण्यापेक्षा जुन्या साहेबांकडून चार ओळींची शिफारस मागा. भाचीला तिच्या पहिल्या साहेबांनी त्याच संध्याकाळी लिहून दिली. इतके दिवस फक्त विचारायचं राहिलं होतं.