ग्रीक संसदेचे शब्द इंग्रजीत कसे न्यावेत : शब्दशः की कामाप्रमाणे?

शब्दवेध (धागाकर्ता)
११ जून २०१३ च्या रात्री ग्रीक सरकारने ‘एर्त’ या सार्वजनिक दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण बंद केलं. ते ज्या फर्मानाच्या आधारे केलं, त्याला ग्रीकमध्ये ‘प्राक्सी नोमोथेतिकू पेरिएखोमेनू’ म्हणतात. अधिकृत इंग्रजी भाषांतर ‘अ‍ॅक्ट ऑफ लेजिस्लेटिव्ह कंटेंट’. माझा आक्षेप या भाषांतराला आहे. ‘प्राक्सी’ म्हणजे कृती. पण संसदेच्या संदर्भात इंग्रजी ‘अ‍ॅक्ट’ म्हणजे सभागृहाने संमत केलेला कायदा. वाचणाऱ्याला नेमकं उलटं कळतं!

ग्रीक घटनेचं कलम ४४ बघा. मंत्रिमंडळाने प्रस्ताव द्यायचा, राष्ट्राध्यक्षांनी सही करायची, ४० दिवसांत फर्मान संसदेपुढे ठेवायचं. त्यानंतर तीन महिन्यांत मंजुरी नाही मिळाली तर ते गळून पडतं. आपण याला अध्यादेश म्हणतो. मग इंग्रजीत सरळ ‘ऑर्डिनन्स’ लिहावं.

तळटीप
साफ असहमत. आपल्या राज्यघटनेच्या कलम १२३ प्रमाणे संसदेची दोन्ही सभागृहं चालू असताना राष्ट्रपतींना अध्यादेश काढताच येत नाही. ग्रीक कलमात ही अट नाही. तिथे फक्त अत्यंत तातडीची, अनपेक्षित गरज हवी. २८ जून २०१५ ला मध्यरात्र उलटल्यावर ग्रीक संसदेने कर्जदात्यांच्या अटींवरच्या सार्वमताला मंजुरी दिली आणि त्याच दिवशी बँका बंद ठेवण्याचं फर्मान याच मार्गाने निघालं. संसद बसलेली असताना! ‘ऑर्डिनन्स’ वाचून भारतीय माणूस ‘अधिवेशन नसेल’ असं धरून चालेल.

रानजाई
‘डिक्री’ का नको?

शब्दवेध
ती जागा भरलेली आहे. ‘प्रोएद्रिको दियाताग्मा’ला ‘प्रेसिडेन्शियल डिक्री’ म्हणतात आणि तो आदेश बहुधा संसदेने आधीच्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून निघतो.

तळटीप, अटी वेगळ्या आहेतच. अर्थसंकल्पाच्याही देशोदेशी वेगळ्या असतात, म्हणून कुणी ‘बजेट’ शब्द टाकून देत नाही. कायदा कुणी केला, हे वाचकाला पहिल्या फटक्यात कळायला हवं.

तळटीप
मग ‘प्रोएद्रोस तिस वुलिस’चं, म्हणजे संसदेच्या अध्यक्षाचं, काय? ग्रीक संसद स्वतः इंग्रजीत ‘स्पीकर’ लिहिते. ब्रिटिश स्पीकर पक्ष सोडतो आणि समसमान मतं पडली तरच मत देतो. झोई कॉन्स्तान्तोपूलू यांनी जुलै २०१५ मध्ये त्या पदावर असताना, स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने आणलेल्या कर्जदात्यांच्या अटींच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं.

१९८५ तर त्याहून बोलकं. करामान्लिस यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं आणि घटनेप्रमाणे संसदेचे अध्यक्ष आलेव्रास हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. नव्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांनी खासदार म्हणून मत द्यावं का, यावरून रण माजलं. त्यांनी मत दिलं. उमेदवार सार्त्झेताकिस यांना तिसऱ्या फेरीत लागणारी १८० मतं मिळाली, एकही जास्त नाही. ‘स्पीकर’ म्हटल्यावर यातलं काय दिसतं? ओळखीचा शब्द वाचकाला शंका घेऊ देत नाही, माझी भीती ती आहे.

शब्दवेध
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कामाप्रमाणे भाषांतर म्हणजे डोळे मिटून वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे ब्रिटिश संसदेचा, शब्द उचलणं नव्हे. तिथे ‘प्रेसिडेंट’च हवं, युरोपीय संसदेत म्हणतात तसं. अधिकृत इंग्रजीला धोरणच नाही : एका ठिकाणी ब्रिटिश शब्द, दुसरीकडे शब्दाला शब्द.

कोपऱ्यातला वाचक
सरकारने आणलेलं ‘नोमोस्खेदिओ’ आणि खासदारांनी आणलेली ‘प्रोतासी नोमू’ यांचंही तेच. शासकीय आणि अशासकीय विधेयक हा फरक आपल्याला नवा नाही. इंग्रजीत ‘प्रायव्हेट मेंबर्स बिल’ तयार असताना ‘लॉ प्रपोजल’ कशाला?

रानजाई
तळटीप यांच्याशी सहमत होत चालले आहे. हे कागद वकीलही वाचतात. ‘ऑर्डिनन्स’ वाचून कुणी कलम ४४ चा अधिकृत इंग्रजी पाठ उघडला, तर त्याला तो शब्द तिथे मिळणार नाही.

शब्दवेध
वकिलाकडे कलमाचा क्रमांक असतो, तेवढ्यावर तो मूळ मजकूर गाठतो. बातमी वाचणाऱ्याकडे तो एकच शब्द असतो.

तळटीप
म्हणूनच तो शब्द अनोळखी असू द्या. ‘अ‍ॅक्ट’ फसवतो हे मला पटलं आहे, पण त्यावर ‘ऑर्डिनन्स’ हा इलाज नाही. ग्रीक नावच लिप्यंतर करून लिहावं आणि पुढे एका वाक्यात सांगावं : संसद चालू असतानाही सरकार काढू शकतं असा तात्पुरता कायदा.