पाऊस थांबून तीन आठवडे झाले, डाग वाढतोच आहे. रंग मारू की थांबू?

ओलीपुस्तकं:

यंदाचा पाऊस संपता संपत नव्हता, ते एक असो. आता कडक ऊन पडतंय आणि माझ्या घराच्या भिंती मात्र ओल्याच.

घर स्वतंत्र आहे, तळमजला आणि वर गच्ची. दोन ठिकाणी त्रास आहे.

पहिलं, झोपायच्या खोलीतली बाहेरची भिंत. पुस्तकांचं कपाट तिला टेकून होतं. परवा कुबट वास आला म्हणून कपाट पुढे ओढलं, तर मागची प्लाय फुगून पुरणागत फुटलेली आणि खालच्या कप्प्यातली पुस्तकं एकमेकांना चिकटलेली. जमिनीपासून माझ्या गुडघ्याच्या जरा वर एक वाकडीतिकडी रेघ उमटली आहे. रेघेच्या खाली रंगाचे पोपडे आणि पांढरी भुकटी. बोटाने पुसली तर जाते, दोन दिवसांत परत येते.

दुसरं, पुढच्या खोलीच्या छताला, पंख्यापासून हातभर अंतरावर, चहा सांडल्यासारखं पिवळं कडं. पावसाळ्यात ते बशीएवढं होतं. आता ताटाएवढं झालंय. पाऊस नसताना!

रंगारी म्हणतो, खरवडून पुट्टी भरू, वर ओल न येणारा रंग मारू, दोन दिवसांचं काम. घरचे तयार आहेत, कारण पाहुणे यायचेत. मी अडून बसले आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या एका भिंतीला हेच केलं होतं. सहा महिन्यांत रंगाला फुगे आले. एक फोडला तर आतून पाणी आलं, शब्दशः.

मी उगाच आडमुठेपणा करतेय का?

थापी_ओळंबा:

ताई, अजिबात नाही. रंगाऱ्याला महिनाभर तरी लांब ठेवा. वीस वर्षं बांधकामावर आहे, म्हणून सांगतो.

तुमचे दोन डाग म्हणजे दोन वेगळे आजार आहेत. एकच औषध देऊ नका.

गुडघ्याएवढी रेघ आणि पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. पाणी हवेत उडून जातं आणि त्यातले क्षार भिंतीवर राहतात. अशी ओल साधारण तीन फुटांपर्यंत चढते, त्याच्या वर सहसा जात नाही. म्हणून रेघ. अशा भिंतीला न श्वास घेणारा रंग मारला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं, नाहीतर रंगाला ढकलून फुगे आणतं. मागच्या वर्षी तुमच्याकडे तेच झालं.

आता एक काम करा. त्या भिंतीच्या बाहेर जाऊन बघा, आणि काय दिसतं ते इथे लिहा. माती, फरशी, झाडं, नळ, काहीही. आतली जमीन आणि बाहेरची माती यांत कोण वर आहे, ते मोजा.

छताचं म्हणाल तर कड्याच्या बरोबर वर भोक शोधू नका. पाणी स्लॅबमध्ये एका जागी शिरतं आणि विजेच्या पायपातून किंवा तड्यातून वाहत दुसऱ्या जागी टपकतं. आणि हो, डाग पंख्याजवळ आहे ना? त्या खोलीचा पंखा-दिव्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, आधी खाली पाडा. बाकी सगळं नंतर.

गच्चीवरचा_कावळा:

एवढी चिरफाड कशाला? गच्चीला वॉटरप्रूफ कोटिंग मारा, भिंतीला पण मारा, विषय संपला. आमच्याकडे मारलंय, दोन वर्षं काही नाही.

थापी_ओळंबा:

कावळेदादा, तुमची गच्ची कोरडी असताना मारलं असेल, म्हणून टिकलं. पाणी मुरलेल्या स्लॅबवर मारलंत तर ते पाणी आतच कोंडतं. मग आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून खालचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. तेव्हा कोटिंगचा डबा कामाला येत नाही, इंजिनिअर बोलवावा लागतो.

शंकेखोर:

तिसरा संशयित राहिलाच. कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागे हवा खेळत नाही, थंड भिंतीवर खोलीतली वाफ जमते आणि बुरशी धरते. तो भाग किती, हे बघायला घरगुती चाचणी आहे. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वीतभर तुकडा घ्या, डागाची जागा पुसून कोरडी करा आणि चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी काढा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली वाफ. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय. माझ्या घरी दोन्ही बाजू ओल्या निघाल्या होत्या, म्हणजे नशीब!

कपाट परत लावाल तेव्हा चार बोटं अंतर ठेवा. आणि रेघेच्या कडेने पेन्सिल फिरवून तारीख लिहा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डाग रोज बघितला की रोज वाढल्यासारखा वाटतो.

ओलीपुस्तकं:

एमसीबी पाडला. फॉइल लावलं. पेन्सिल फिरवली, छतालाही, स्टुलावर चढून.

आणि बाहेर जाऊन बघितलं. लाज वाटतेय लिहायला.

त्या भिंतीला लागून माझी फुलझाडं आहेत. दोन वर्षांपूर्वी मीच हौसेने माती आणून वाफा उंच करून घेतला होता. खुरप्याने भिंतीलगतची माती उकरली, तर जोतं सापडायला कोपरापर्यंत हात आत घालावा लागला. आतल्या जमिनीपेक्षा बाहेरची माती वीतभर वर आहे. वर रोज संध्याकाळी मी त्याच वाफ्याला पाणी घालते. पाऊस थांबला म्हणून जरा जास्तच घालत होते.

गच्चीवर दुसरी गंमत. पाणी जायच्या भोकावरच्या जाळीवर पानांचा आणि मातीचा थर बसून त्यावर शेवाळ आलंय. शेजारी कोपऱ्यात अजून डबकं आहे. तीन आठवडे पाऊस नाही आणि डबकं कसं, म्हणून उभी राहिले. पंप सुरू झाल्यावर कळलं. टाकी भरली तरी पाणी बंद होत नाही, वरच्या पायपातून बारीक धार कठड्याच्या मुळाशी पडत राहते. पंप बंद होईपर्यंत. रोज.

म्हणजे आमचा पावसाळा अजून चालूच आहे.

थापी_ओळंबा:

हाहा, निम्मं काम झालं की! खर्चाचं सोडून सगळं सापडलं.

आधी टाकीचा बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता चेंडू, बदला आणि जाळी साफ करा. डबकं सुकू द्या. मग कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा बघा. तिथला वाटा, म्हणजे सांध्यावर सिमेंटने भरलेली गोलाई, तडकला असणार, पाणी तिथूनच शिरतं. तो फोडून नवा करायचा. उतारही तपासा, दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा. हे सगळं झालं की भोक बंद करून कोपऱ्यात दोन बोटं पाणी दोन दिवस उभं करा आणि खाली कडं बघा. कोटिंगचा विचार त्यानंतर.

वाफा भिंतीपासून दोन फूट तरी मागे घ्या. जोतं वीतभर उघडं दिसलं पाहिजे. राहिलेल्या जमिनीला घरापासून लांब जाणारा उतार द्या, पहिल्या दहा फुटांत सहा इंच.

आतला सुटलेला गिलावा रेघेच्या हातभर वरपर्यंत काढून टाका आणि विटा उघड्या ठेवा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात. सुकायला जाडीच्या दर इंचाला महिना धरतात. घाई केलीत तर पुढच्या वर्षी इथेच भेटू.

शंकेखोर:

पाहुण्यांना उघड्या विटा दाखवा. हल्ली लोक मुद्दाम करून घेतात.

ओलीपुस्तकं:

अकरा दिवसांनी लिहितेय.

फॉइल भिंतीकडून ओलं निघालं, खोलीकडून कोरडं. बॉल कॉक बदलला, डबकं दुसऱ्या दिवशी गेलं. छताचं कडं पेन्सिलीच्या रेघेच्या आत दोन बोटं सरकलंय आणि कडेने फिकट झालंय. भिंत तशीच आहे, पण भुकटी आता रोज येत नाही.

वाफा मागे घेताना दोन मोगरे गेले. पुस्तकं पानापानांत कागद घालून पंख्याखाली उभी केली आहेत, दुसऱ्या खोलीतल्या.

रंगाऱ्याला पुढच्या उन्हाळ्यात या म्हटलं. तो म्हणाला, ताई, तोवर रंग महाग होईल. होऊ दे म्हटलं.