६५०२ साठी सी: सीसी६५ सोडायची वेळ आली का?

बिटबहाद्दर
कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकासाठी सी भाषेत नवं काही लिहायला घेताय, तर सीसी६५ हा कंपायलर कशाला? त्यातल्या ६५०२ कुळातल्या ८ बिटी प्रोसेसरचा हार्डवेअर स्टॅक (कॉलची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) २५६ बाइटचा, आणि स्टॅक पॉइंटरपासून अंतर मोजून थेट वाचायची सोय चिपमध्ये नाही. म्हणून सीसी६५ लोकल व्हेरिएबल्स (फंक्शनपुरती मूल्यं) सॉफ्टवेअर स्टॅकवर, म्हणजे मेमरीत स्वतः सांभाळलेल्या स्टॅकवर, ठेवतो. एक बाइट वाचायचा तरी आधी वाय रजिस्टर भरा (२ सायकल), मग झिरो पेजमधल्या, म्हणजे मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटमधल्या, पॉइंटरमार्फत वाचा (किमान ५). तोच बाइट ठरलेल्या पत्त्यावर असता तर ४, झिरो पेजमध्ये असता तर ३. एलएलव्हीएम-मॉस हा दुसरा कंपायलर अख्खा प्रोग्रॅम एकत्र तपासतो आणि रिकर्सिव्ह नसलेल्या (स्वतःलाच पुन्हा कॉल न करणाऱ्या) फंक्शनचे लोकल्स ठरलेल्या पत्त्यावर टाकतो. विषय संपला.

लिंकरवाला
संपला कसला? ऑप्टिमायझेशनचा पर्याय दिल्याशिवाय सीसी६५ भोंगळ कोडच काढतो. तुलना करताना नेमकं हेच विसरतात. तो द्या, वर स्टॅटिक-लोकल्स द्या, म्हणजे लोकल्स इथेही ठरलेल्या पत्त्यावर जातात. काउंटर १६ बिटी इंटऐवजी ८ बिटी 'अनसाइन्ड चार' प्रकारचा करा. ० ते ३९ मोजायला १६ बिट कशाला हवेत? मजकूर छापायला अवजड प्रिंटएफ काढून साधं सीपुट्स वापरलं की काही किलोबाइट सुटतात. ॲपल टू, अटारी, कमोडोर या सगळ्यांच्या लायब्ररी आणि सीए६५ असेम्बलर एकाच संचात मिळतात, ते वेगळंच.

बिटबहाद्दर
स्टॅटिक-लोकल्स सरसकट लावलं की रिकर्शनचा बट्ट्याबोळ. फ्लड फिल (बंदिस्त आकारात रंग भरणारं रिकर्सिव्ह फंक्शन) घ्या: आतल्या कॉलने लोकल ठेवलेले एक्स-वाय बदलले की बाहेरचा कॉल परतल्यावर भलत्याच ठिकाणाहून पुढे जातो. चित्र अर्धवट भरतं, एरर काहीच नाही. शिवाय पॅरामीटर तरीही सॉफ्टवेअर स्टॅकवरच राहतात.

लिंकरवाला
त्या एका फंक्शनपुरता तो पर्याय प्राग्माने (कोडमध्येच कंपायलरला दिलेल्या सूचनेने) बंद करा की. आणि तुमच्या बाजूलाही फुकट काही नाही. फंक्शन पॉइंटरचा सुळसुळाट केलात तर रिकर्शन होत नाही हे कंपायलरला सिद्ध करता येत नाही, मग तोही सॉफ्टवेअर स्टॅककडेच वळतो. लिंक करताना सगळं एकमेकांत इनलाइन होतं, म्हणजे फंक्शनचा कोड कॉलच्या जागीच चिकटवला जातो. मग मॉनिटरमध्ये (मेमरी आणि कोड तपासायच्या साधनात) ब्रेकपॉइंट लावायला आपलं फंक्शन शोधत बसा.

आयवायरक्षक
६५०२ वाल्यांचं चालू द्या. झेड८० या दुसऱ्या ८ बिटी प्रोसेसरवर कंपायलर कुठला यापेक्षा आवृत्ती कुठली, हे आधी बघा. एसडीसीसी कंपायलरच्या ४.२ पासून झेड८० साठी पहिला १६ बिटी पॅरामीटर एचएल रजिस्टरमध्ये येतो, पहिला ८ बिटी ए रजिस्टरमध्ये. स्टॅकवरून पॅरामीटर उचलणारं जुनं असेम्ब्ली फंक्शन जोडलंत की ते मुकाट कचरा वाचतं. त्याच्या घोषणेला एसडीसीसीकॉल शून्य (जुनी, स्टॅकची पद्धत) लावा, भागतं. झेडएक्स स्पेक्ट्रम या झेड८० च्या संगणकावर आणखी एक: रॉमचा इंटरप्ट (ठरावीक वेळाने आपोआप चालणारा कोड) आयवाय रजिस्टरमध्ये २३६१० हा पत्ता धरून चालतो. कंपायलरने आयवाय वापरला आणि इंटरप्ट चालू राहिले, तर रॉम भलत्याच जागी लिहितो. एक तर आयवाय राखून ठेवायचा पर्याय द्या, नाहीतर स्वतःचा इंटरप्ट लावा.

बिटबहाद्दर
मुकाट बिघडण्यावरून आठवलं: सीसी६५ चा कमोडोरवरचा सॉफ्टवेअर स्टॅक मुळात २ किलोबाइटचा, ५३२४८ पासून खाली वाढणारा. फंक्शनात हजार बाइटचे तीन लोकल ॲरे घेतले की तो ही मर्यादा ओलांडतो आणि खालच्या डेटावर चढू शकतो.

लिंकरवाला
स्टॅक तपासायचा पर्याय आहे, चाचणीपुरता चालू ठेवा. लिंकर कॉन्फिगमध्ये स्टॅकचा आकारही वाढवता येतो. पण १००० बाइटचा ॲरे लोकल ठेवायचाच कशाला? ग्लोबल करा.