मालिकांमधले अश्रू : भावनेचा अतिरेक की भावनेची उणीव?

पर्वती_पायथा :

गेल्या आठवड्यात कोथरूडला मावशीकडे गेलो असता रात्री साडेआठच्या मालिकेचा एक अख्खा भाग तिच्याशेजारी बसून पाहिला. सुनेवर सासूच्या पाटल्या चोरल्याचा आळ येतो, तिच्या हातातले पूजेचे ताट खाली पडते, कुंकू फरशीवर सांडते, आणि मग घरातल्या आठही माणसांचे चेहरे, पार्श्वसंगीताच्या दणक्यांसह, एकामागून एक दोनदा दाखवले जातात. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे जवळजवळ ४ मिनिटे कोणी एक शब्दही बोलले नाही. जाहिराती वगळल्या तर अर्ध्या तासात मुळात २२ मिनिटांच्या आसपासच गोष्ट असते.

अशा मालिकांवर भावनांच्या अतिरेकाचा आरोप नेहमी होतो. मला तो चुकीचा वाटतो, कारण माझ्या मते त्यांत भावना फार कमी असते. भरताच्या नाट्यशास्त्राने अश्रूंना आठ सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे भावना जागी झाली की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांमध्ये, स्थान दिले आहे, पण अश्रू हे तिथे परिणाम म्हणून येतात. त्यांच्यामागे शोक असावा लागतो आणि शोकामागे तो जागा करणारी परिस्थिती असावी लागते. १९१९ साली रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ हे आपल्याकडचे सर्वांत भडक भावनांचे नाटक म्हणता येईल. तरीही वकिलीची सनद गेल्याच्या अपमानातून नायक सुधाकर दारूकडे वळतो, आणि त्याच्या बायकोवर, सिंधूवर, दळण दळायची वेळ येईपर्यंतची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतूनच निघते. म्हणून तिचे रडणे आपल्याला लागते. इथे मात्र पाटल्या कोणी घेतल्या हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि सुनेने एक वाक्य उच्चारले तर आळ मिटणार आहे. ती बोलत नाही, कारण ती बोलली तर कथानक संपेल.

मीरा_कर्वेनगर :

ही मालिका आमच्याकडेही लागते. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि गेली दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. आपण घड्याळ लावून जी चार मिनिटे मोजलीत, त्या वेळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मालिका बसून पाहणाऱ्यांपेक्षा हातातले काम करता करता ऐकणाऱ्या बायका कमी नसतील. तो संगीताचा दणका म्हणजे आम्हाला मारलेली हाक असते, आणि चेहरे दोनदा दाखवले तर तवा उतरवून बाहेर येईपर्यंत निदान एकदा तरी पाहायला मिळतात.

आपल्या दुसऱ्या मुद्द्याला माझा अधिक ठाम विरोध आहे. त्या प्रसंगाला सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, वाड्यातल्या एकत्र कुटुंबात, त्यांच्यावर असाच आळ आला होता आणि त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या, हे मला लग्नाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्या रात्री प्रथमच कळले. सून गप्प का राहते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. लेखकाने सोयीसाठी तिला गप्प ठेवले असेलही, पण ते गप्प राहणे आमच्या घरांमधलेच आहे.

दोन_ओळी :

मी दोन वर्षे एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिले आहेत. आपण दोघेही चर्चा लेखणीची करता आहात. मला वेळापत्रकाबद्दल सांगायचे आहे. दूरदर्शनवरची ‘हम लोग’ १९८४ मध्ये सुरू झाली आणि दीड वर्षाच्या आत संपली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तिचे ३,००० हून अधिक भाग झाले. आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात आणि तयार भागांची बँक बहुधा रिकामीच असते. दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे मालिका किती जणांनी पाहिली याचे, आकडे येतात. आळाचा ट्रॅक, म्हणजे कथेचा तेवढा धागा, चालतो आहे असे दिसले की तो आणखी दोन आठवडे ताणायचा निरोप मिळतो. संवाद लिहायला वेळ नसतो, तेव्हा चेहरे उपयोगी पडतात. नटमंडळी मात्र बाराबारा तास उभी राहून, ग्लिसरिन घालून का होईना, मनापासून काम करतात, हे इथे नोंदवणे मला माझे कर्तव्य वाटते.

पर्वती_पायथा :

मीराताई, गप्प राहण्याबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो. ते मी फार घाईने लिहिले. मात्र आपण दिलेल्या उदाहरणातूनच माझे म्हणणे मला अधिक नेमके मांडता येईल. सासूबाईंच्या मनात तो आळ इतकी वर्षे शिल्लक राहिला. मालिकेत चार दिवसांनी पाटल्या सापडल्या आणि सोमवारच्या भागात तीच सून त्याच सासूबरोबर नणंदेच्या साखरपुड्याची रांगोळी काढत होती. जिथे अपमान लक्षात ठेवणारे पात्रच नाही, तिथे शोकाला टिकायला जागा कुठे आहे? वेळापत्रकाची अडचण मी समजू शकतो, पण पुढच्या भागात त्या सुनेचा हात रांगोळी काढताना क्षणभर थांबला असता, तर त्याला चित्रीकरणाचा एक तासही जास्त लागला नसता.

मीरा_कर्वेनगर :

सोमवारचा भाग आम्हीही पाहिला. रांगोळीचा प्रसंग चालू असताना सासूबाईंनी मला हाक मारून विचारले, “त्या पोरीची माफी मागितली का गं कोणी?” मी सगळे भाग पाहिले होते, कोणीही मागितली नव्हती. एवढ्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. चेहरे दोनदा दाखवण्याबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.