घ्यायला एक क्लिक, सोडायला सात पानं

हिशेबी : मागच्या वर्षी फोटो एडिटिंगच्या एका अ‍ॅपची सात दिवसांची मोफत ट्रायल घेतली आणि विसरून गेलो. ती संपताच वार्षिक सबस्क्रिप्शन आपोआप सुरू झालं, पहिल्या वर्षाचे पैसे गेले ते कळलंच नाही. परवा दुसऱ्या वर्षाचे गेले तेव्हा अ‍ॅप आठवलं. रद्द करायला गेलो तर आधी 'का जाताय?', मग अर्ध्या किमतीची ऑफर, आणि सगळ्यात खाली जेमतेम दिसणारं करडं 'तरीही रद्द करा'. 'सुरू ठेवा' मात्र ठसठशीत निळं! अटींमध्ये सगळं होतं, मान्य. पण बाराव्या परिच्छेदात लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. माझं गप्प बसणं हा होकार धरू नका.

उंबरठा : गप्प कुठे बसलात? कार्डाचा नंबर तुम्हीच घातलात ना? दरवर्षी नव्याने होकार मागायचा म्हटलं तर एक मेल नजरेआड झाला म्हणून विमा बंद पडेल, आणि ते कळेल थेट क्लेमच्या वेळी. मी छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नूतनीकरणं धरूनच आमचा पुढच्या वर्षीचा सर्व्हरचा खर्च बसतो.

हिशेबी : विमा न वापरताही उपयोगाचा असतो, न उघडलेलं अ‍ॅप नसतं. अमक्याने आठ महिने लॉगिन केलेलं नाही हे तुम्हाला दिसतं की. त्याला तसा मेल का जात नाही? ऑफरचे तर रोज येतात.

तळटीप : मध्येच बोलतो. नूतनीकरण राहू द्या, बाहेर पडायचं दार कुठे आहे ते दाखवा. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन घेता येणाऱ्या सबस्क्रिप्शनसारख्या करारांसाठी वेबसाइटवर रद्द करण्याचं बटण सक्तीचं आहे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. अमेरिकेत एफटीसी या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये 'जितक्या सहज घेतलं तितक्याच सहज सोडता यावं' असा नियम केला, पण कार्यपद्धती नीट पाळली नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला. (सबस्क्रिप्शनपेक्षा नियम लवकर रद्द झाला!)

उंबरठा : बटणाला माझा विरोध नाहीच. आमच्याकडे आहे. सेटिंग्ज, मग खातं, मग बिलिंग...

हिशेबी : म्हणजे चौथ्या क्लिकला?

उंबरठा : पाचव्या.