मदत हवी आहे: भाच्याच्या गळ्यावरची जन्मजात गाठ

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडकडचे. माझ्या 5 वर्षांच्या भाच्याच्या गळ्यावर बरोबर मधोमध सुपारीएवढी गाठ आहे. एरवी दुखत नाही, पण घोट गिळला किंवा जीभ बाहेर काढली की वर सरकते. मध्यंतरी सर्दी-तापात लाल होऊन ठणकत होती, अँटिबायोटिकने उतरली. सोनोग्राफीत थायरोग्लोसल सिस्ट निघाली, म्हणजे थायरॉईड तयार होताना जिभेच्या मुळापासून गळ्यापर्यंत असलेली नळी न बुजता राहिल्याने झालेली पाण्याची गाठ. थायरॉईड ग्रंथी जागेवर आहे हेही त्यातच पाहिलं, ते फार बरं झालं. क्वचित ती गाठ म्हणजेच मुलाची एकमेव थायरॉईड असते.

डॉक्टर सिस्ट्रंक ऑपरेशन सांगतात. गाठीसोबत हायॉइड (जिभेखालचं, गळ्यातलं छोटं हाड) याचा मधला भाग आणि जिभेच्या मुळाकडे जाणारी नळीही काढतात. नुसती गाठ काढली तर ती पुन्हा होण्याची भीती बरीच जास्त. आजी म्हणते लेपाने जिरेल. पण आईच्या पोटातूनच आलेली नळी लेपाने कशी जाणार?

डेरवण, कोल्हापूर की परळचं वाडिया? लहान मुलांचे सर्जन हे ऑपरेशन नेहमी कुठे करतात? सूज उतरल्यावर तुम्ही किती थांबलात? महात्मा फुले योजनेत बसलं का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहाच. पावसात करूळ घाटात दरडी कोसळायच्या आत पोराला न्यायचं आहे.